बेलभंडाऱ्यावर सोपवलेली पोर

बोरदऱ्याच्या ऊसतोड बायांनो,

आपल्याला आजवर कुणी पुरते माणूस म्हणून मोजले नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही आपल्याकडची मोजणी. म्हणजे बाई अर्धा कोयता. एकट्या गड्याला मुकादम फडावर नेत नाही, म्हणून हंगाम तोंडावर आला की त्याच्यासाठी अर्धा कोयता शोधतात, आणि तो अर्धा कोयता म्हणजे तुमची-माझी सहावी-सातवीतली पोर असते. हे माझ्यावर झाले, तुमच्यावर झाले, आणि आपण ते आपल्या मुलींवर होऊ दिले. दोन वर्षांपूर्वी त्यातली एक मुलगी भर दुपारी ओढ्यात मारली गेली. तिची धाकटी बहीण आरती, वय तेरा, आज माझ्या छपराखाली आहे. तिला वाचवण्यासाठी मी हे मृत्युपत्र लिहिते.

माझ्यामागे उघडण्यासाठी ते पाकिटात घालून ठेवायचे नाही. सह्या झाल्या की आज संध्याकाळीच टेम्पोवाल्या अलीमने आमच्या वसतिगृहाच्या अंगणातून भोंग्यावर वाचावे. ज्यांना ऐकायचे नाही त्यांच्याही घरात ते गेले पाहिजे.

मी, गोजरबाई रामहरी जायभाय, वय चौसष्ट, राहणार बोरदरा, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. यकृतात गाठी झाल्या आहेत आणि पाडव्याची गुढी मला दिसणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण गाठी यकृतात आहेत, मेंदूत नाहीत, तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकायला आलेल्यांची हाडे मी पूर्वीच मोजली आहेत.

एक. माझ्या प्रेताला मुकादम श्रीमंत याचा खांदा लागता कामा नये. तो पुढे येईल, मला माहीत आहे. जामिनावर सुटल्यापासून प्रत्येक मयतीत तोच सर्वांच्या पुढे असतो. आला तर आमचा स्वयंपाक करणाऱ्या बायडाबाईने तिरडी खाली ठेवायला लावावी आणि तो जाईपर्यंत उचलू देऊ नये. प्रेत फुगले तरी चालेल.

दोन. गट क्रमांक २१४ मधील दीड एकर जमीन, जी मी माहेरच्या हिश्शासाठी सख्ख्या भावाशी नऊ वर्षे कोर्टात भांडून मिळवली, आणि तिच्यावरची पत्र्याची इमारत, विहीर, मोटार, चाळीस सतरंज्या, हे सर्व मी आमच्या हंगामी वसतिगृहाच्या संस्थेला देते. दिवाळी झाली की आईबाप फडावर जातात आणि पाडव्याला परततात. तेवढे पाच महिने त्यांची पोरे इथे राहतात, गावच्या शाळेत जातात, दोन वेळा गरम खातात. एकोणीस वर्षे हे चालू आहे. हंगामात एक दिवसही हे बंद ठेवले तर जमीन सरकारजमा व्हावी.

हे का सुरू केले, ते पुष्कळांना वाटते तसे समाजसेवेच्या आवडीने नाही. माझे लग्न तेराव्या वर्षी झाले. सोळाव्या वर्षी मला मुलगी झाली. दीड महिन्यांची असताना मी तिला फडाच्या कडेला पाचटावर झोपवून मोळ्या बांधत होते. ट्रक मागे आला. चाकाखालून काय निघाले ते मी सांगणार नाही. तेव्हाचा मुकादम म्हणजे या श्रीमंतचा बाप. त्याने धोतराचे एक फडके फाडून दिले, बांधावर खड्डा खणून घेतला आणि मला म्हणाला, “गोजरे, आता रडून काय ती उठनार हाय व्हय? गाडी अर्धीच भरलीय.” मी दुपारनंतर मोळ्या बांधल्या. हात चालत होते. ज्या बाईचे हात त्या दुपारी चालले, तिला पुढे आयुष्यभर कुणी गप्प करू शकले नाही. त्याच हंगामात एका शिक्षकाच्या बायकोकडून मी अक्षरे शिकले आणि मग हाताला लागेल ते वाचले. गुळाच्या ढेपेला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रापासून राज्यघटनेपर्यंत.

तीन. वसतिगृहाला एक अट घालते, आणि ती इमारतीच्या दारावर दगडात कोरावी: इथे आलेले मूल कुणाच्याही शपथेवर परत द्यायचे नाही. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करायचा आणि चोवीस तासांच्या आत मुलाला बाल कल्याण समितीसमोर उभे करायचे. बाप पाया पडला तरी, आईने ऊर बडवला तरी, गाव चालून आला तरी.

हा नियम कायद्यात आहेच. मला तो तोंडपाठ होता. दीडशे गावांत भाषणे करून मी तो लोकांना शिकवला. आणि वेळ आली तेव्हा मीच तो मोडला. आता ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी सरून पहिल्या गाड्या गेल्या तेव्हा, पंकजा नावाची पंधरा वर्षांची मुलगी दप्तर घेऊन आमच्या दारात आली. हनुमंतची थोरली. दप्तरात पुस्तके नव्हती, दोन झगे होते. म्हणाली, “आजी, श्रीमंत मुकादमानं माझं जमवलंय. तीस वर्साचा हाय. त्येची पयली बायको फडावरून पळून गेली, म्हनून त्येला जोडी पायजे.” तुळशीचे लग्न लागायचे होते, पण पोरीचे त्याआधी उरकायचे होते, कारण श्रीमंतच्या गाड्या निघणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता माणसे आली. सोळा होती. काठ्या होत्या, पुढे श्रीमंत होता, त्याच्या मागे हनुमंत, मान खाली घातलेला. मी फाटकात कोयता घेऊन उभी राहिले. पहिली काठी माझ्या उजव्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. कोयता डाव्या हातात घेऊन मी एकाच्या दंडाची कातडी सोलली. बायडाबाईने चुलीवरची उकळती आमटी पातेल्यासकट फाटकावरून फेकली. ज्याच्या पाठीवर पडली तो ओरडत ओढ्याकडे पळाला. त्याला बायडाबाईने वरून विचारले, “मीठ झालंय का रं बरोबर?”

मग दगड सुरू झाले. पत्र्यावर दगड पडू लागले की आत काय वाटते, ते आतल्या पोरांनाच विचारावे. त्रेचाळीस मुले होती. सर्वांत लहान मूल साडेचार वर्षांचे. एका मुलीचे डोके फुटले. तेव्हा गावातली म्हातारी माणसे मध्ये पडली आणि तोडगा काढला: हनुमंतने खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलावा. हातावर बेल आणि भंडारा घेऊन बाप बोलला की ते शेवटचे बोलणे. बेलभंडारा उचलून खोटे वागणाऱ्याचा वंश बुडतो, असे आपल्याकडे मानतात.

मी मोडके मनगट ओढणीत बांधून देवळात गेले. हनुमंतने भंडारा तळहातावर घेतला. म्हणाला, “पोरीचं लगीन लावनार न्हाई. तिला हात लावनार न्हाई. साळंत धाडीन.” मी पंकजाचा हात त्याच्या हातात दिला.

परत येताना बायडाबाई म्हणाली, “बाई, तुमी आख्ख्या जन्मात देवाला मानलं न्हाई. मग त्याच्या भंडाऱ्याला कशा मानल्या?”

मी म्हणाले, “मी नाही मानत. ते मानतात ना. त्यांना त्याची भीती आहे.”

“आन् न्हाई वाटली भीती, तर?”

मनगट ठणकत होते आणि पत्र्यावरचे दगड थांबले होते. मी थकले होते. व्यासपीठावर देवाला जाब विचारणारी गोजरबाई त्या दिवशी देवाच्या पहाऱ्यावर विसंबून घरी झोपायला गेली. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही तिच्यावर मी दुसऱ्याच्या लेकराचा जीव ठेवला. ही माझी चूक आहे आणि तिला दुसरे नाव नाही.

श्रीमंतने काय केले ते कोर्टात हनुमंतच्याच तोंडून निघाले आहे. तो हनुमंतला म्हणाला, “शपथ तू घेतली, म्या न्हाई. तू लगीन लावू नको. तू हातबी लावू नको. तू जाऊन देवळात बस. बाकी म्या बघतो.” आणि बाप खरोखरच देवळात जाऊन बसला. भंडारा मोडू नये म्हणून बसला! अकराव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, श्रीमंतच्या वस्तीवर मांडव पडला. पंकजाने अंतरपाटाखालून उडी मारली आणि ती ओढ्याच्या वाटेने वसतिगृहाकडे धावत सुटली. तिच्या मागे अकरा वर्षांची आरती धावत होती, ताईला गाठायला. आणि आरतीच्या मागे श्रीमंत. वाटेत सोडलेल्या बैलगाडीच्या जुवातून त्याने शिवळ उपसून घेतली होती. बाभळीची, हातभर लांब.

पहिला घाव पाठीवर. ती पाण्यात पडली. दुसरा, तिसरा डोक्यावर. शवविच्छेदन अहवालात सात घाव आहेत. आरतीने सातही पाहिले. नंतर प्रेत विहिरीत टाकले आणि पोरीने जीव दिला असे सांगितले. मांडवातली दीडशे माणसे जेवून गेली. पोलिसांनी विचारले तेव्हा त्या दीडशे माणसांत एकालाही डोळे नव्हते.

चार. आरतीविषयी. वकिलांना मी विचारले होते की हिला मृत्युपत्रात कुणाच्या स्वाधीन करता येईल का. ते म्हणाले, येत नाही. बरोबर आहे. मूल ही मिळकत नाही, ते कुणाला देता येत नाही. आपल्या गावाला एवढेच कळले असते तर पंकजा आज दहावी होऊन कॉलेजात असती. आरती समितीच्या आदेशाने आमच्याकडे आहे, आणि मी गेल्यावरही तिला इथेच ठेवावे अशी समितीला माझी विनंती आहे. श्रीमंत निर्दोष सुटला तर मात्र तिला घरी न्यावे असा अर्ज तयार आहे. तो अर्ज हनुमंतच्या सहीचा आहे, पण लिहिणारा हात कुणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मागच्या मंगळवारी खर्ड्याच्या बाजारात श्रीमंतने मला गाठले. मी अलीमच्या टेम्पोत बसले होते. तो खिडकीला टेकून म्हणाला, “काय म्हातारे, लई पिवळी पडलीस. तू गेल्यावर पोरीला कोन बघनार? आमालाच बघावं लागंल. एका गड्याची जोडी राह्यलीय अजून.”

अलीम खाली उतरायला लागला. मी त्याला धरले. श्रीमंतला म्हणाले, “तुझी जोडी मी लावते. तुरुंगाच्या गजाशी.” तो हसला. त्याच्या हसण्याला कारण आहे. खटल्यात घाव घालताना पाहिल्याची साक्ष एकट्या आरतीची आहे. त्याचे वकील म्हणतात, हे तर गोजरबाईने पढवलेले पोर.

पाच. माझा मुलगा गोरक्षनाथ, चाकणला कंपनीत आहे, त्याला जमिनीतला एक गुंठाही मिळणार नाही. त्याने भांडू नये, जमीन माझ्या स्वतःच्या नावावर आहे. तो फोनवर म्हणाला होता, “आई, तू जगाची पोरं सांभाळली. मला कोपीत बांधून ठेवायची, ते आठवतं का?” आठवते. फडावर जाताना मी त्याच्या कमरेला दोरी बांधून ती कोपीच्या, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीच्या, मेढीला बांधत असे, ट्रकखाली जाऊ नये म्हणून. त्याच्या कमरेवर अजून वळ आहे. गोरख, तुझा वळ खरा आहे. मी माफी मागते. पण जमीन देत नाही, कारण तू ती विकशील, आणि घेणारा बांधालगतचा श्रीमंत असेल. पुढची खोली आणि तिथला पलंग तुझा. ये, झोप, पोरांच्या पंगतीत जेव.

सहा. माझा कोयता. त्याचे पाते आठ वेळा बदलले आहे, मूठ तीच आहे. नवरा रामहरी याने एकदा फडावर सर्वांसमोर मला उसाने झोडले तेव्हा मी या कोयत्याने त्याच्या डाव्या कानाची पाळी उतरवली. त्यानंतर सत्तावीस वर्षे आम्ही बऱ्यापैकी सुखाने नांदलो. तो मेला तेव्हा मी मनापासून रडले. हा कोयता बायडाबाईला देते. भाजीला वापरावा. फाटकातही वापरता येतो, तिला सांगायची गरज नाही.

स्वयंपाकघरातली सर्व भांडी आणि तिथला अधिकारही बायडाबाईचाच. संस्थेच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याने तिला आमटीत तेल किती घालावे हे सांगू नये. मी एकदा सांगितले होते. ती म्हणाली, “तुमी भाषनं करा. भाषनात मीठ जास्त झालं तर म्या बोलते का?”

सात. तीन कपाटे पुस्तके आणि भोंगा आरतीचा. पुस्तके वाचायची का विकायची, ते तिने ठरवावे. भोंगा मात्र विकू नये.

आठ. हनुमंतला मी काही देत नाही. तो गेल्या वर्षभरात चार वेळा फाटकाबाहेर येऊन बसला. मी पाणी पाठवले, आत घेतले नाही. आरतीची इच्छा असेल तर, आणि तरच, रविवारी बायडाबाईसमोर त्याने तिला भेटावे. हनुमंत, तू भंडारा पाळलास आणि लेक मारलीस. त्यापेक्षा तू सरळ शपथ मोडली असतीस आणि मांडवातून तिच्यामागे धावून तिच्या अंगावरचा एक घाव स्वतःवर घेतला असतास तर मी तुझे पाय धरले असते.

नऊ. श्रीमंत मुकादमाला माझ्या मोडक्या मनगटाचा एक्स-रे द्यावा. कोठडीच्या भिंतीला लावायला त्याच्याजवळ दुसरे काही नसेल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी बायडाबाईने करावी. तिला वाचता येत नाही. ज्यांना वाचता येते त्यांनी आजवर काय दिवे लावले ते वर लिहिलेच आहे. वाचायच्या कामी आरती मदत करील. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण: बोरदरा, ता. जामखेड
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५, रविवार

गोजरबाई रामहरी जायभाय (सही डाव्या हाताची, उजवे मनगट कामातून गेले आहे)

साक्षीदार:
१. डॉ. हुमेरा शेख, जामखेड. (लिहून देणार यांना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत आणि संतापलेल्या आहेत.)
२. अलीम बागवान, टेम्पोचालक, खर्डा.

वकील सांगतात की सहीच्या खाली लिहिलेला मजकूर कायदा धरत नाही. म्हणूनच हे खाली लिहिते. हे कायद्यासाठी नाही. तुम्हा पाचजणींसाठी आहे.

त्या दुपारी ओढ्यावर तुम्ही पाचजणी धुणे धूत होता. तुम्हाला मी नावाने ओळखते, पण भोंग्यावर चार नावे घेत नाही. मुक्ताबाई, तुझे मात्र घेते, कारण तू स्वतः माझ्याकडे आलीस. गिरणीत, पिठाच्या डब्याआडून म्हणालीस, “गोजरबाई, आमी समदं पायलं. म्या तर तिच्या तोंडावरचं रगत पदरानं पुसलं. पन त्या मुकादमाच्याच गाडीत बसून जायचंय आमाला. पाच म्हैनं त्याच्याच हाताखाली. तुमी आमाला भित्र्या म्हना.”

मी तुला भित्री म्हणाले नाही. आताही म्हणत नाही. माझे मन त्या दिवशी थकले आणि मी डोळे मिटून घेतले. तुमचेही तेच झाले. माझ्या भाषणाने दगड उठतात असे लोक म्हणायचे, पण त्या भाषणांनी पंकजाच्या अंगावरचा एक घाव अडवला नाही. तेव्हा आता भाषण करत नाही. एवढेच सांगते की कोर्टाने तुम्हा पाचजणींना साक्षीसाठी समन्स काढले आहे, ते तुम्हाला मिळाले आहे, आणि तारीख गाड्या निघायच्या आधीची आहे. एक तेरा वर्षांची पोर त्या पिंजऱ्यात उभी राहून आली. वकिलाने तिला तीन तास खोटारडी म्हटले. ती रडली, पण तिने एक शब्द बदलला नाही. तिच्या शब्दाला तुमचा शब्द जोडला गेला नाही, तर श्रीमंत सुटेल, अर्ज मंजूर होईल आणि आरती पुढच्या गाडीत अर्धा कोयता म्हणून बसेल. त्या गाडीत तुम्हीही असाल. तिच्या शेजारी बसाल तेव्हा तिच्याकडे कसे पाहाल?

सोमवारी, दहा नोव्हेंबरला, सकाळी सहा वाजता अलीमचा टेम्पो शाळेपुढे उभा असेल. पाचहीजणी त्यात बसा, नगरच्या कोर्टात जा, आणि ती शिवळ कुणाच्या हातात होती, त्या माणसाचे नाव सांगा.